ज्युपिटरचं नाक

कर्राराचा गुईदोत्तो लग्नाच्या पेटीचं काम सांगायला आला, तेव्हा त्याने दुकानाच्या उंबऱ्यावर दोन्ही पाय दणादण आपटले. जोड्यांतून एवढी पांढरी भुकटी उडाली, की बाल्दो मेस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. संगमरवराच्या खाणीचा मालक तो, धूळ त्याच्या बरोबरच हिंडायची. आणि ओल्या रंगावर धूळ बसली की कामाची माती झाली, हे आमच्या सान फ्रेदियानोच्या पेठेत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण करता काय? हा होणारा व्याही. मुलीच्या बापाने व्याह्याला "बाहेर पाय झटका" असं कसं म्हणायचं? बाल्दोने रंगवत असलेल्या फळीपुढे गुपचूप फडकं धरलं आणि हसून दाखवलं.

"घ्या मेस्त्री!" गुईदोत्तोने एक जड पुडकं टेबलावर ठेवलं. "आमच्या डुकराची चरबी. संगमरवराच्या कुंडीत सहा महिने मुरवलीय. पावावर ठेवायची नि गिळायची. दात नसले तरी अडत नाही."

"मला दात आहेत," बाल्दो म्हणाला.

"असू द्यात, असू द्यात! आता पेटीचं बोला."

नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या लग्नाच्या पेटीवर जुन्या रोमी देवांची गोष्ट हवी, ही आमच्याकडची रीत. संतांनी भिंतीवर राहावं, देवळात राहावं. पेटीवर मात्र व्हीनस, मार्स, ज्युपिटर. मेरीमातेचं नाव घेतल्याशिवाय घास न उचलणारी माणसं, पण घरात लग्न निघालं की त्यांना ते जुने देव आठवतात. त्यातून देवांना तोंडं आपल्याच घरच्यांची द्यायची. बाल्दोने आजवर किती लोकरवाल्यांना मार्स केलं असेल आणि किती सावकारांच्या मुलींना डायना, त्याची गणती नाही.

"प्लूटो काढा," गुईदोत्तो म्हणाला. "जमिनीखालचा राजा. आम्ही तरी दुसरं कोण आहोत? माझा कोरसो प्लूटो. सोन्याचा रथ, चार काळे घोडे, आणि रथात तुमची दिआनोरा. काय हो तिचं नाव त्या गोष्टीत?"

"प्रोसर्पिना."

"तीच. तिच्या हातात डाळिंब द्या, चांगलं फुटलेलं. दाणे दिसले पाहिजेत. जेवढे दाणे तेवढे नातू!" तो स्वतःच खो खो हसला. "आणि एका बाजूला ज्युपिटर बसवा, सगळ्या देवांचा राजा. तो मी. आणि मेस्त्री, हे नाक नीट उतरलं पाहिजे बरं का. हे आमच्या घराण्याचं नाक आहे."

नाक होतंच तसं. लांब, मध्ये गाठ, आणि शेंड्याशी खाली वळलेलं. बाल्दोला चित्रकार म्हणून ते फार आवडलं, हे त्याने कबूल केलं नसतं तरी.

"गोष्ट पुढे काय होते, माहीत आहे ना तुम्हाला?" त्याने जपून विचारलं.

"पुढे काय व्हायचंय? लग्न झालं, सुखाने नांदले."

आमच्याकडे निम्म्या लोकांचं असंच. रथ माहीत, घोडे माहीत, पुढचं ऐकायला थांबतो कोण? प्लूटो त्या पोरीला फुलं वेचताना उचलून पळवतो, तिची आई सेरेस मशाल घेऊन रानोमाळ तिला शोधत फिरते, शेतात एक दाणा पिकू देत नाही, तेव्हा कुठे वर देवांना जाग येते. पण खाली पोरीने डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, आणि तिथलं अन्न खाल्लं की तिथलंच व्हायचं असा नियम. नातवांसाठी डाळिंब मागणाऱ्या व्याह्याला हे कोण सांगणार? बाल्दोने नाही सांगितलं. त्याला दुसरंच विचारायचं होतं.

"एक विनंती होती," तो शेवटी म्हणाला. "वर्षातून एकदा, वसंतात म्हणा, पोरीला माहेरी पाठवाल ना?"

गुईदोत्तोने त्याच्या खांद्यावर थाप मारली. माणूस वाईट नव्हता, उलट प्रेमळच होता, आणि त्यामुळे त्याच्याशी भांडताही येईना. "अहो मेस्त्री, खाणीवरचं घर म्हणजे रोज चाळीस माणसांचं जेवण. बाई सोडून कशी जाणार? आमची बायको बिलिया, पिस्तोइयाची. काळ्याभोर केसांनी आली, आता डोकं पांढरं झालं, एकदा तरी गेली का माहेरी? विचारा तिला. काही अडलं का तिचं?"

बाल्दोच्या थोरल्या मुलीच्या, पिएराच्या, सासरच्यांनी असंच हसत हसत खांद्यावर थापा मारल्या होत्या. ती डोंगरापलीकडे बोलोन्याला गेली ती गेलीच. तिची पेटी बाल्दोने जीव ओतून रंगवली होती, लोक अजून नावाजतात. तिला तीन मुलं आहेत म्हणे. बाल्दोने एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं. आता धाकटी निघाली होती, आणि तिच्यानंतर त्या घरात कोणी उरत नव्हतं.

त्या रागातच त्याने काम सुरू केलं. कारागिराचा राग हातात उतरतो. घोडे असे काढले की बघणाऱ्याने मागे सरकावं. प्लूटो दणकट, मनगटं जाड, आणि त्याच्या कवेत प्रोसर्पिना: केस सुटलेले, दोन्ही हात मागे पसरलेले, तोंड उघडं, किंचाळणारं. एवढं जिवंत तोंड बाल्दोने वर्षानुवर्षांत काढलं नव्हतं.

दिआनोरा टेबलाशी रंग घोटत होती. आई गेल्यापासून ती या दुकानातच वाढली होती. सोन्याचा वर्ख लावणं, कुत्र्याच्या दाताने तो घासून चमकवणं, कपड्यांच्या चुण्या भरणं, सगळं तिला येत होतं. वरचेवर तिचाच चेहरा बापाच्या व्हीनसला आणि वनदेवींना मिळायचा, त्यामुळे शहरात तिला न ओळखणारे लोकही तिला ओळखत. ती हात पुसत आली आणि फळीसमोर उभी राहिली.

"हे कोण बोंबलतंय?"

"तू."

"मी? मी कशाला बोंबलू?"

"तुला पळवून नेतायत," बाल्दो मान वर न करता म्हणाला. "गोष्टच तशी आहे."

"गोष्ट तशी असेल. पण तोंड माझं आहे ना?" तिने कमरेवर हात ठेवले. "उद्या सासरी ही पेटी माझ्या पलंगाशी राहणार. मी रोज सकाळी उठून स्वतःला किंचाळताना बघू? आणि कोरसोने काय वाटून घ्यायचं?"

"त्या खाणीवाल्याला काय वाटतं त्याची तुला एवढी काळजी?"

"हो. आहे," दिआनोरा म्हणाली.

बाल्दोचा कुंचला थांबला. टेबलावर तिच्या हाताशी एक छोटा पांढरा खल होता. साखरपुड्याला कोरसोने आणलेला, स्वतः कोरलेला. बाल्दोने तेव्हा नाक मुरडलं होतं, की संगमरवरात कोणी रंग घोटतं का, दगड झिजतो आणि रंगात उतरतो. दिआनोरा त्यात मीठ वाटायची. आता त्याच्या लक्षात आलं, की दिवसातून चार वेळा मीठ वाटण्याएवढं या घरात कोणी खात नाही.

"तुला तो आवडतो," तो म्हणाला.

"आवडतो. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने माझ्याशी एक तास फक्त निळ्या रंगाबद्दल गप्पा मारल्या. काहीएक कळत नव्हतं त्याला, पण सगळं ऐकलं." तिने खल बाजूला सरकवला. "मी राजीखुशीने चाललेय, बाबा. डाळिंब मी माझ्या हाताने खाल्लंय. पण याचा अर्थ मला परत यायचं नाही असा नाही. इथे ओरडतंय कोण? तुम्ही. मग माझ्या तोंडातून कशाला ओरडता?"

"गप्प बस, कार्टे!" बाल्दो ओरडला, आणि ओरडल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. त्याने टोपी उचलली आणि तो बाहेर पडला.

नदीकाठी रंगाऱ्यांच्या कुंड्यांतलं पाणी आर्नोत सुटत होतं, एक पट्टा लाल, एक पिवळा. बाल्दो तिथे बराच वेळ उभा राहिला. पोर दुःखी आहे, म्हणून आपण दुःखी आहोत, असं तो महिनाभर स्वतःला सांगत आला होता. ते सोपं होतं. पोर सुखाने चालली आहे आणि तरीही ती जायला आपल्याला नको आहे, हे कोणाला सांगायचं? तिथल्या एका धोबिणीने विचारलं, "मेस्त्री, तब्येत बरी नाही का?" तो म्हणाला, "बरी आहे हो, वारा लागतोय." वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

तो परतला तेव्हा दुकानात अजून चांगला उजेड होता. टेबलावर अंड्यांची टरफलं पडली होती, तपकिरी, म्हणजे खेड्यातल्या कोंबड्यांची. त्याचं लक्ष आधी तिकडे गेलं. रंग अंड्याच्या बलकातच कालवायचा असतो. त्यात शहरातल्या कोंबडीचा फिकट बलक तरुण चेहऱ्यांसाठी, आणि खेड्यातल्या कोंबडीचा लालसर बलक म्हाताऱ्यांसाठी. ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. पेटीवर म्हातारं तर कोणीच नव्हतं.

मग त्याने फळी पाहिली. प्रोसर्पिनाचं तोंड दिआनोराने चाकूने खरवडून पुन्हा काढलं होतं. आता ते मिटलेलं होतं. एका हातात डाळिंब होतं, दुसरा हात प्लूटोच्या खांद्यावर, आणि मान मात्र वळवून ती मागे बघत होती. आणि मागे, जिथे बाल्दोने सेरेससाठी नुसती हिरवी मातकट जागा सोडली होती, तिथे मशाल घेतलेली एक म्हातारी धावत होती. जाड भुवया, डावी पापणी अर्धी पडलेली, खालचा ओठ पुढे. किंचाळी आता तिच्या तोंडात होती.

बाल्दोने आपल्या डाव्या पापणीला हात लावला.

"ही सेरेस?" तो म्हणाला. "हिला मिशा तेवढ्या काढायच्या राहिल्या."

"काढणार होते. बाई आहे म्हणून सोडलं."

"आईचं तोंड द्यायचं होतंस. तुझ्या आईचं."

"आईचं तोंड मला आठवत नाही, बाबा. मी एवढीशी होते." दिआनोरा हातातला कुंचला पुसत राहिली. "माझ्या वेण्या कोणी घातल्या? मला गोवर आला तेव्हा कोण जागलं? मला शोधत कोणी फिरायचं म्हटलं, तर माझ्या डोळ्यासमोर हेच तोंड येतं."

बाल्दोने तोंड फिरवलं, पण त्या एवढ्याशा दुकानात फिरवून फिरवणार कुठे? तो रडला, आणि लपवलं नाही. मग नाक शिंकरून तो फळीजवळ वाकला आणि म्हणाला, "गालात हिरवा फार दिसतोय. आजारी वाटते बाई. आण तो कुंचला इकडे."

गाल नीट करता करता त्याचं लक्ष फळीच्या उजव्या टोकाकडे गेलं. तिथे ज्युपिटरसाठी सिंहासन आखून ठेवलं होतं.

"हा नुसताच बसणार का?" दिआनोराने विचारलं.

"सांगितलंय तेवढंच. ज्युपिटर बसवा, नाक नीट काढा."

"पण गोष्टीत तो काहीतरी म्हणतो ना? तुम्हीच लहानपणी सांगितलं होतं."

म्हणतो. अर्धं वर्ष नवऱ्याकडे, अर्धं वर्ष आईकडे, असा निवाडा देतो. बाल्दोने कुंचला खाली ठेवला. बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच हसू फुटलं.

ज्युपिटरवर बाल्दोने जेवढी मेहनत घेतली तेवढी त्याने बिशपच्या चित्रावरही घेतली नव्हती. दाढी भरघोस, खांदे रुंद, खऱ्या गुईदोत्तोपेक्षा वीतभर उंच. नाकाची गाठ, नाकावरची चमक, सगळं उतरलं. उजवा हात उचललेला, बोट खाली दाखवणारं, आणि बोटाच्या खाली जमिनीतून वर येणारी तीच मुलगी: त्याच कपड्यांत, ओंजळभर फुलं घेतलेली, समोर हात पसरून बसलेल्या त्या भुवयांवाल्या म्हातारीकडे धावणारी.

लग्नाला वराकडची मंडळी पिसामार्गे होडीने नदीतून आली. रीतीप्रमाणे पेटी शेजारच्या अंगणात लाकडी घोडीवर मांडली होती आणि सगळी पेठ जमली होती. गुईदोत्तो पेटीसमोर आला, त्याने पाहिलं, आणि त्याची छाती फुगली.

"नाक बघा! नाक!" तो एकेका पाहुण्याला बाहीला धरून ओढू लागला. "हा मी. ज्युपिटर! मेस्त्री, हातात जादू आहे हो तुमच्या!"

कोरसो रथातल्या स्वतःकडे बघून लाजला. मग त्याने खांद्यावरचा तिचा हात पाहिला, आणि दिआनोराकडे पाहून तो गालातल्या गालात हसला.

गुईदोत्तोची बायको बिलिया मागे उभी होती. बारीक, गप्प बाई. गर्दी जरा सैल झाल्यावर ती पुढे आली. तिला लांबचं नीट दिसत नसे, म्हणून ती नाक टेकेल इतकी वाकली आणि बोटाने गोष्ट वाचू लागली.

"ही म्हातारी कोण?"

"पोरीची आई," बाल्दो म्हणाला. "पोरीला शोधतेय."

बोट पुढे सरकलं. "आणि ही? फुलं घेतलेली?"

"तीच पोर. माहेरी आलीय."

"परत येते?" बिलिया ताठ झाली. "कोणी पाठवली तिला?"

आसपासच्या लोकांचं बोलणं थांबलं होतं. गुईदोत्तोही हसत हसत ऐकत होता. बाल्दोने सिंहासनावरच्या ज्युपिटरकडे बोट दाखवलं.

"यांनी. ज्युपिटरने. म्हणाले, अर्धं वर्ष पोर नवऱ्याकडे, अर्धं आईकडे. सगळ्या देवांच्या राजाचा शब्द तो. कोणी मोडत नाही."

सगळ्यांनी आधी चित्रातलं नाक पाहिलं, मग खरं. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अर्धं वर्ष?" गुईदोत्तोचं हसू तोंडावरच राहिलं. "अहो मेस्त्री, हे... देवांचं ठीक आहे. खाणीवर चाळीस माणसं..."

"अहो," बिलिया म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "तोंड तुमचं आहे. बोट तुमचं आहे. आत्ताच तर सगळ्या गावाला ओरडून सांगितलंत, हा मी म्हणून."

"महिनाभर, बाबा," कोरसो मध्येच म्हणाला. "मी स्वतः आणून सोडीन."

गुईदोत्तोने पेटीकडे पाहिलं. किती रुबाबदार दिसत होता तो तिथे! तो मी नव्हे, असं म्हणणं काही त्याच्या जिवाला जमेना.

"बरं," तो म्हणाला. "वसंतात. रस्ते सुकले की. एक महिना!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्यावर तो पुन्हा फुलला आणि दोन्ही हात उचलून सगळ्यांना आशीर्वादही देऊ लागला. बिलियाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचं बोट अजून त्या फुलंवाल्या मुलीवर होतं. ताज्या रंगाला हात लावू नये, असं बाल्दो कोणालाही खेकसून सांगतो. तिला त्याने काही म्हटलं नाही.

हिवाळा बाल्दोने एकट्याने काढला. शब्द काय, पिएराच्या सासऱ्यानेही गोड गोड शब्दच दिले होते. शेजारणी विचारायच्या, "येणार का हो लेक?" तो म्हणायचा, "बघू." बदामाला फुलं आली, गेली. पीचची आली. रस्ते सुकले. मग तो दिवसातून दहा वेळा दाराशी यायचा, आणि कोणी पाहिलं तर आभाळाकडे बघायचा.

एका दुपारी दाराशी खेचरांची गाडी थांबली. दिआनोरा खाली उतरली, उंबऱ्यावर आली आणि तिने दोन्ही पाय दणादण आपटले. पांढरी भुकटी थेट ओल्या फळीवर जाऊन बसली. बाल्दोला ती दिसलीसुद्धा नाही.

जेवायला बसल्यावर, कोरसो खेचरांना चारा घालायला गेला असताना, बाल्दोने विचारलं, "सासूबाई बऱ्या आहेत ना?"

"त्या आमच्याबरोबरच निघाल्या." दिआनोरा हसायला लागली. "मामंजी दारात आडवे. म्हणाले, ज्युपिटर सुनेबद्दल बोललाय, बायकोबद्दल नाही. सासूबाई म्हणाल्या, ती पेटी मी रोज बघते, त्यात सून कुठे आहे? पोर आहे आणि पोरीची आई आहे. आणि बसल्या गाडीत. या वेळी नदीने नाही आलो आम्ही. पिस्तोइयावरून आलो."

"मग?"

"मग काय. उतरल्या माहेरी." तिचं हसू विरलं. "भाऊ दारात उभा होता. त्याने ओळखलं नाही, बाबा. 'कोण पाहिजे?' म्हणाला. त्यांनी लहानपणीचं नाव सांगितलं. पुढचं मी बघितलं नाही. मला बघवेना. कोरसो गेला त्यांचं सामान उचलायला, आणि तोही डोळे पुसतच आला."

बाल्दोने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. तो उठला, माळ्यावर चढला आणि पॉप्लरची एक लांब फळी खाली घेऊन आला. तिच्यावरचं कोळिष्टक त्याने बाहीनेच पुसलं.

"आता कोणाची पेटी?" दिआनोराने विचारलं.

"पेटी नाही. भिंतीवर लावायला. भेट द्यायचीय." त्याने कोळशाचा तुकडा घेऊन त्याला टोक काढलं, आणि फळीच्या उजव्या अंगाला सिंहासन आखलं. मग तो अडला.

"पिएराच्या सासऱ्याचं नाक कसं होतं गं? तुला आठवतंय?"

"चपटं," दिआनोरा म्हणाली. "आणि डाव्या बाजूला चामखीळ, ही एवढी मोठी."

"चामखीळही काढू," बाल्दो म्हणाला. "फक्त जराशी लहान."